सुट्टीच्या दिवशीचं मीटर

आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने एक तक्ता पाठवला आणि माझी पुढची दोन वर्षं त्यात गेली. बाकीचे रकाने सोपे होते, एक सोडून: तुम्ही आम्हाला पुरवता त्या प्रत्येक भागामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो?

आम्ही पोलादी पत्रा कापतो, प्रेसवर दाबतो, वेल्ड करतो, त्यावर पावडर कोटिंग चढवतो आणि ब्रॅकेट, कव्हर असले भाग बनवतो. कोटिंगची जाडी किती मायक्रॉन, भोकाचा व्यास किती दशांशापर्यंत बरोबर, हे आम्ही झोपेतही सांगितलं असतं. या प्रश्नावर मात्र मीटिंगमध्ये सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी तेव्हा क्वालिटीत होते. "मोजण्याचं काम आहे ना, मग ते क्वालिटीचंच," असं म्हणून प्लांट हेडनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

भिंतीवर आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं, प्रमाणपत्र लावलेलं होतं. हे मानक पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं आणि २०१५ च्या आवृत्तीत तर वस्तूच्या संपूर्ण जीवनचक्राचा विचार करा, असंही त्यात सांगितलं आहे. आमच्याकडे त्याची जाडजूड फाइल होती. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात ती उघडायची आणि ऑडिट झालं की मिटायची. हे थोडं खजील होऊनच लिहिते आहे, कारण त्या फाइलमध्ये माझ्याही सह्या आहेत.

पहिल्या महिन्यात मी जे केलं ते कुणीही केलं असतं. पोस्टर लावली. "दिवे बंद करा" अशी स्टिकर प्रत्येक बटणाखाली चिकटवली. आवारात रोपं लावून त्यांच्यासोबत फोटो काढले. मग कुठल्या विभागाला किती वीज जाते, हे बघायला बसले, तेव्हा कळलं की असं मोजायची सोयच नाही. सगळ्या कारखान्याला मिळून एकच मुख्य मीटर होतं. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर घेऊन एकेका फीडरचा करंट मोजून दिला, तेव्हा दिव्यांचा वाटा इतका किरकोळ निघाला, की स्टिकर छापायला दिल्याचंच वाईट वाटलं. खरी भूक हवा दाबून लाइनीत सोडणारा कॉम्प्रेसर, पावडर भाजणारा क्युरिंग ओव्हन, फॉस्फेटिंगच्या गरम टाक्या आणि प्रेसच्या हायड्रॉलिक मोटरींची होती.

सुट्टीच्या दिवशी मीटर बघायची कल्पना माझी नाही. मेंटेनन्समध्ये एक जुने फिटर होते, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे. मी त्यांना विचारलं, "काका, इथे ऊर्जा वाया कुठे जाते?" ते म्हणाले, "मॅडम, कारखाना चालू असताना ते ऐकू येत नाही. बंद असताना या."

म्हणून एका साप्ताहिक सुट्टीला काकांना घेऊन सकाळी आठला गेले. उत्पादनाचं एकही मशीन चालू नव्हतं, आमच्याखेरीज माणूस म्हणाल तर फक्त गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. मुख्य मीटरचा आकडा लिहिला, संध्याकाळी आठला पुन्हा लिहिला. त्या बारा तासांत जेवढी वीज गेली, ती भर उत्पादनाच्या दिवसातल्या बारा तासांच्या जवळजवळ तिसरा हिस्सा होती. एकही ब्रॅकेट न बनवता!

आणि आवाज खरंच येत होता. शेडमध्ये उभं राहिलं की चारी बाजूंनी हलकं फुसफुसणं, जणू गवतात साप. काका मधोमध उभे राहून बोट दाखवत होते, "तिकडे एक. वरती एक. त्या प्रेसच्या मागे दोन." थोड्या थोड्या वेळाने कॉम्प्रेसर घरघरत लोडवर यायचा, म्हणजे हवा दाबू लागायचा, टाकी भरायचा, अनलोड व्हायचा, म्हणजे हवा न दाबता थांबायचा, पुन्हा लोडवर. कुणासाठी?

हवेची गळती मोजायची रीत फार सोपी आहे, एक घड्याळ पुरतं. कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोड राहतो, ते पाच-सहा फेऱ्यांत टिपायचं. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागायचं. आमची सरासरी आली ३ मिनिटं लोड आणि ५ मिनिटं अनलोड. म्हणजे आठातली तीन मिनिटं, ३७ टक्क्यांहून जास्त. कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा एवढा भाग नुसता भोकांतून जात होता. नीट राखलेल्या कारखान्यात हा आकडा १० टक्क्यांच्या आत असावा, असं मानतात. लक्ष न दिलेल्या ठिकाणी २० ते ३० टक्के सर्रास सापडतात. आम्ही त्यांच्याही पुढे होतो.

हवा फुकट असते, हा शॉपफ्लोअरवरचा समज किती खोल रुजलेला आहे, हे मला तेव्हा कळलं. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहावा हिस्सा शेवटी उपयोगी काम करतो, बाकीची बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक सेकंदाला साधारण १० लिटर हवा सोडतं आणि त्यासाठी कॉम्प्रेसर साडेतीन-चार किलोवॉट ओढत राहतो, रात्रंदिवस. त्याच हवेने आमच्याकडे फरशी झाडली जायची, कपड्यांवरची धूळ उडवली जायची, गरम जॉब, म्हणजे बनत असलेले भाग, थंड केले जायचे. अंगावर हवा मारणं तर धोक्याचंही आहे, पण उकाड्यात एअर गन शर्टात घालणाऱ्या ऑपरेटरला तुम्ही कार्बन डायऑक्साइडबद्दल सांगून बघा.

पुढच्या काही सुट्ट्या आम्ही गळत्या शोधल्या. काकांकडे साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश होता. माझ्या हट्टाने आम्ही अल्ट्रासोनिक डिटेक्टरही भाड्याने आणला. डिटेक्टरने जास्त गळत्या दाखवल्या, हे खरं. पण त्यातल्या मोठ्या बहुतेक सगळ्या काकांच्या कानाने आधीच पकडल्या होत्या. जागा त्याच त्या निघाल्या: क्विक कपलिंग, होजचे क्लिप, जुने एफआरएल (हवा गाळून तिचा दाब नेमणारे संच) आणि बंद पडलेल्या मशीनला जोडून ठेवलेल्या लाइनी. शेवटचा प्रकार मला सगळ्यात जास्त चीड आणणारा वाटला. दोन वर्षं कुणी न वापरलेलं मशीन, पण हवा मात्र त्याला चालू.

दाबाची गोष्ट वेगळी होती. कॉम्प्रेसर साडेसात बारला सेट केलेला होता. का, हे कुणालाच सांगता येईना. जुन्या लॉगबुकात शोधल्यावर कळलं, की कधीतरी लाइनच्या टोकाच्या एका मशीनला हवा कमी पडते, अशी तक्रार आली होती आणि सगळ्या कारखान्याचा दाब वाढवला गेला होता. त्या मशीनचा एअर फिल्टर उघडला तर आत गंज आणि तेलाचा चिखल. फिल्टर बदलायचा सोडून आम्ही वर्षानुवर्षं सगळ्या शेडला जास्त दाब पाजत होतो. दाब १ बारने कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते, शिवाय उरलेल्या भोकांतून हवाही कमी जाते. फिल्टर बदलला आणि मी उत्साहाने दाब थेट ६ बारवर आणायला लावला.

ही माझी चूक. टप्प्याटप्प्याने उतरायला हवं होतं.

वेल्डिंगच्या एका फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब जागेवर बसवायच्या साच्यात, हवेच्या दाबावर तो धरणारा न्यूमॅटिक क्लॅम्प होता. कमी दाबाला तो जॉब धरत होता, पण घट्ट नाही. वेल्डच्या ताणाने भाग मिलिमीटरभर सरकत होता. वेल्डिंगनंतरची तपासणी दर ठरावीक नगांमागे एक अशी होती आणि ती नेमकी दोनदा हुकली. तो विभाग माझाच, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. भाग कोटिंग होऊन, ओव्हनमधून भाजून, पॅकिंगला आले तेव्हा भोकं जुळेनात. जवळजवळ दीड टन माल भंगारात गेला.

त्या रात्री मी वहीत हिशोब मांडला. लोहखनिज आणि कोळशापासून ब्लास्ट फर्नेसच्या वाटेने पोलाद बनवताना टनामागे साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे दीड टन पत्र्यामागे ३ टन, आमच्या कापण्या-दाबण्या-भाजण्याची ऊर्जा वेगळीच. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो निघतो, त्या मापाने हे हजार लिटरच्या वर डिझेल झालं. भंगार पुन्हा वितळवलं जातं, अगदीच वाया जात नाही, हे मान्य. तरी दाब कमी करून महिनाभरात मी जे वाचवलं असतं, त्याच्या कितीतरी पट एका शिफ्टमध्ये घालवलं होतं. प्रॉडक्शन हेड दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "आता पर्यावरण झालं असेल तर दाब परत वाढवू या?"

दाब वाढला, आणि हा विषय दीड महिना कुणी काढला नाही. मग काकांनीच उपाय सुचवला, की सगळ्या शेडचा दाब वाढवण्यापेक्षा त्या एका क्लॅम्पचा सिलिंडर मोठा करा. ६३ मिलिमीटर बोअरच्या जागी ८० चा बसवला, की तेवढ्याच दाबाला जोर दीडपटीहून जास्त मिळतो. तीन फिक्श्चर बदलली आणि दर आठवड्याला थोडाथोडा दाब उतरवत सव्वासहा बारवर थांबलो. त्यानंतर तिथे काही सरकलं नाही. पण रिजेक्शनकडे बघायची माझी नजर मात्र बदलली. तोवर रिजेक्शन म्हणजे क्वालिटीचा आकडा होता. आता मी माझ्या तक्त्यात त्याला पहिली ओळ दिली.

पाण्याचं प्रकरण मला अजूनही सगळ्यात आवडतं, कारण तिथे गणिताने काम केलं. पत्र्यावर पावडर बसण्याआधी तेल काढायचं, फॉस्फेटचा थर चढवायचा आणि प्रत्येक पायरीनंतर धुवायचं. धुण्याच्या टाक्यांत सतत ताजं पाणी पडायचं आणि वरून वाहून जायचं, चोवीस तास, जॉब असो नसो. भाग एका टाकीतून दुसरीकडे जाताना सोबत रसायन चिकटून येतं, त्याला आमच्याकडे ड्रॅगआउट म्हणतात. समजा चिकटून आलेलं १ लिटर द्रावण हजार पट पातळ करायचं आहे. एकाच टाकीत धुतलं तर १,००० लिटर पाणी लागेल. तेच दोन टाक्यांत धुतलं आणि पाणी उलट दिशेने खेळवलं, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडून तिथलं वाहणारं आधीच्या टाकीत घेतलं, तर कागदावर साधारण ३२ लिटरमध्ये काम होतं. तीन टाक्या असतील तर १० लिटरमध्ये. वर्गमूळ आणि घनमूळ, बस्स. शाळेत शिकलेलं इतक्या थेट कामी आलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

प्रत्यक्षात एवढं नाही मिळत. टाक्या नीट ढवळल्या जात नाहीत, भागांच्या घड्यांत पाणी अडकतं. पण आमच्याकडे दोन-दोन टाक्या आधीपासूनच शेजारी शेजारी होत्या, फक्त दोन्हींना ताजं पाणी स्वतंत्र जोडलेलं होतं. पाइप वळवून घेतले आणि जॉब नसताना पाणी थांबवणारा व्हॉल्व्ह बसवला. पाणी निम्म्याच्याही खाली आलं.

त्याहून सोपी गोष्ट लाइनवर जॉब टांगणाऱ्या एका मुलाने सांगितली. कव्हर सरळ टांगली की खालच्या कडेच्या घडीत वाटीसारखं पाणी साचतं; एक हुक वरच्या भोकात घालून तिरकी टांगली तर ते निथळून जातं. तो हे दोन वर्षं बघत होता. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "कुणी विचारलंच नाही." टाकीवर निथळायचा वेळही आम्ही १० सेकंदांवरून ३० वर नेला. त्याने फॉस्फेटिंगचं रसायन कमी लागू लागलं, कारण आता ते वाहून जात नव्हतं.

इथपर्यंत मी खूश होते. मग एका सकाळी ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लांटचा, ऑपरेटर ऑफिसात आला, वैतागलेला. "मॅडम, तुम्ही पाणी कमी केलंत, पण माझं रीडिंग बिघडलं."

त्याचं बरोबर होतं. घाण तेवढीच असेल आणि पाणी निम्मं झालं, तर दर लिटरमधली घाण दुप्पट होते. बाहेर सोडायच्या पाण्याच्या मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात. आजवर भरपूर पाणी वाहत असल्यामुळे आमचं सांडपाणी पातळ होऊन मर्यादेत बसत होतं, आणि आम्ही त्याला प्रक्रिया चांगली चालली आहे असं म्हणत होतो. आता खरं चित्र टाकीत आलं. चुन्याचा डोस, पॉलिमरचा डोस, गाळ बसायचा वेळ, सगळं नव्याने बसवावं लागलं. पाणी कमी करणाऱ्या कुणी मला हे आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लांबण लावते आहे: ईटीपी चालवणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्या ऑपरेटरला पीएच बघूनच कळायचं, की रात्रपाळीत कुणीतरी अख्खी डीग्रीझिंगची (तेल काढायची) टाकी एकदम ओतली आहे. हे तो अनेकदा सांगून थकला होता. आम्ही त्या टाक्यांसाठी वेगळी साठवण केली आणि तिथून थोडंथोडं सोडायला लागलो. त्याचा अर्धा त्रास तिथेच संपला.

याच सुमाराला एक विक्रेता आला आणि सगळं सांडपाणी आटवून एकही थेंब बाहेर न सोडण्याचा प्लांट घ्या म्हणाला. ऐकायला छान. पण १,००० लिटर पाण्याची वाफ करायला साध्या पद्धतीत सुमारे ६२७ युनिट एवढी उष्णता लागते. मल्टी-इफेक्ट किंवा वाफ दाबून पुन्हा वापरणारी यंत्रणा घेतली तर ती बरीच कमी होते, तरीही ऊर्जा लागतेच, आणि शेवटी क्षारांचा गाळ उरतो तो वेगळाच. जिथे पाण्याची टंचाई आहे किंवा सोडायला जागाच नाही, तिथे हे करावंच लागतं. आमच्यापुरतं मी म्हटलं, आधी पाणी किती लागतं ते तळापर्यंत नेऊ, मग उरेल तेवढ्याचं बघू. विक्रेत्याला माझा राग आला असावा.

फॉस्फेटच बदलून टाकलं तर? झिर्कोनियमचं कन्व्हर्जन कोटिंग नेहमीच्या तापमानाला चालतं, फॉस्फेटिंगची टाकी ५०-६० अंशांवर धरून ठेवायला लागत नाही आणि गाळही खूप कमी पडतो. पहिली चाचणी सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे नमुन्याच्या पट्ट्यांवर मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज बघतात त्यात, सपशेल नापास झाली. पट्ट्यांवरच्या ओरखड्याच्या कडेने गंज असा पसरला, की पेंट शॉपच्या सुपरवायझरने त्या पट्ट्या मुद्दाम माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. कारण नंतर कळलं. हा थर अतिशय पातळ असतो, त्याला धुण्याचं पाणी शुद्ध लागतं आणि आम्ही बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरत होतो. डीआय, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याने धुऊन घेतल्यावर दुसऱ्या चाचणीत पट्ट्या टिकल्या. पण डीआय प्लांटचं स्वतःचं रिजेक्ट पाणी असतं, क्षार धरून ठेवणारं रेझिन धुवायला आम्ल आणि अल्कली लागते. एका ठिकाणी दाबलं की दुसरीकडे फुगतं. दोन्ही बाजूंचा हिशोब मांडूनच आम्ही निर्णय घेतला, आणि तो झिर्कोनियमच्या बाजूने गेला, पण वाटलं होतं तेवढ्या फरकाने नाही.

ओव्हनबद्दल थोडक्यात. जेवणाच्या सुट्टीत तो रिकामा १८० अंशांवर धुमसत असायचा. "बंद केला तर पुन्हा तापायला वेळ लागतो" हे उत्तर ठरलेलं. तापमान थोडं खाली आणून ठेवलं, दारांच्या तोंडाशी एअर कर्टन नीट केला, बर्नरच्या धुरातला ऑक्सिजन मोजून जादा हवा कमी केली. जादा हवा म्हणजे विनाकारण तापवून चिमणीतून सोडलेली हवा. या सगळ्याला मिळून एक आठवडा लागला, त्यावर कुणी भांडलंही नाही.

भांडण झालं ते एसीच्या गॅसवरून. कंट्रोल पॅनलच्या आणि ऑफिसच्या एसीकडे माझं लक्षच नव्हतं. वीज मोजली होती, संपलं. मग खरेदीच्या नोंदी चाळताना दिसलं, की दर उन्हाळ्यात आर-४१०ए गॅस भरला जातो. गॅस बंद नळ्यांत फिरतो. तो दरवर्षी भरावा लागतो याचा अर्थ दरवर्षी तेवढा उडून जातो. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट उष्णता धरतो. १० किलो उडाला, तर २० टन. माझ्या दीड टन भंगाराची आठवण झाली आणि मी एसीवाल्यांना सांगितलं, आधी गळती शोधा, मग गॅस भरा. ते म्हणाले, "मॅडम, असं कुणी सांगत नाही."

एव्हाना तक्ता भरायला घेतला होता. त्यासाठी जगभर जी पद्धत वापरतात ती ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलची. तिच्या कॉर्पोरेट मानकाची पहिली आवृत्ती २००१ ची. त्यात तीन कप्पे असतात. आपल्या आवारात आपण जे जाळतो ते पहिल्या कप्प्यात, उडून गेलेला गॅसही तिथेच. विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. आणि तिसऱ्या कप्प्यात उरलेलं सगळं: कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या वस्तूचा वापर, शेवटी तिचं भंगार, असे १५ प्रकार.

हिशोब झाला आणि मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. आमच्या एका ब्रॅकेटच्या आकड्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा आम्ही विकत घेतलेल्या पत्र्याचा होता. कॉम्प्रेसर, टाक्या, ओव्हन, गळत्या, काकांचे कान, हे सगळं उरलेल्या चौथ्या हिश्शात. वर्षभराची धावपळ व्यर्थ होती असं नाही म्हणणार, पण हा हिशोब मी पहिल्या महिन्यात, अगदी ढोबळ का होईना, करायला हवा होता. पोस्टर छापण्याऐवजी.

मग टूल रूममध्ये गेले. पट्टीतून ब्रॅकेट कापल्यावर जो सांगाडा उरतो, तो दाखवून विचारलं, हा लहान करता येईल का? त्यांनी कार्डबोर्डचे तुकडे कापून टेबलावर मांडले. ब्रॅकेट एल आकाराचं. एक सरळ आणि एक उलटं असं एकमेकांच्या कुशीत बसवलं तर मधला रिकामा पत्रा खूपच कमी होत होता. आडवं फिरवून आणखी थोडा वाचला असता, पण पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला समांतर वाकवलं तर बेंडला तडे जायची भीती, म्हणून फक्त उलटं. पत्र्याचा उपयोग ६८ टक्क्यांवरून ७७ वर गेला. म्हणजे तेवढ्याच ब्रॅकेटसाठी जवळजवळ १२ टक्के कमी पत्रा. गळत्या, दाब, ओव्हन सगळं एकत्र केलं तरी ब्रॅकेटमागे एवढं वाचलं नव्हतं.

डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बदलायची म्हणजे ग्राहकाची मंजुरी हवी. ज्याने तो तक्ता पाठवला होता, त्याच ग्राहकाची. त्यांच्या पर्यावरण विभागाला कल्पना फार आवडली. त्यांच्या खरेदी विभागाने नवीन नमुने मागवले, पुन्हा सगळ्या चाचण्या मागितल्या, मग मंजुरी देणारा माणूस बदलला. आठ महिने लागले. पत्र्याची जाडी थोडी कमी करायचा दुसरा प्रस्ताव अजून त्यांच्याकडेच पडून आहे. भंगारापासून इलेक्ट्रिक आर्क फर्नेसमध्ये बनलेल्या पोलादाचा आकडा पुष्कळ कमी असतो, तो पत्रा चालेल का असंही विचारलंय. त्याचं उत्तर "कळवतो" असं आहे.

दोन वर्षांनी प्रत्येक ब्रॅकेटमागचा आकडा बऱ्यापैकी खाली आला. वार्षिक बैठकीत तो आलेख मोठा करून दाखवला गेला. त्याच काळात आमच्या ऑर्डर वाढल्या, त्यामुळे कारखान्याचा एकूण आकडा मात्र खाली आला नाही, थोडा वरच गेला. तोही आलेख मी केला होता. तो दाखवायचा की नाही यावर चर्चा झाली. शेवटी दाखवला, पण सगळ्यात शेवटी, लोक उठायच्या बेतात असताना. गेटवर "कार्बन न्यूट्रल" असा बोर्ड लावायची सूचनाही आली होती, कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्या कुणी कमी केलेल्या कार्बनचं श्रेय, विकत घेऊन. मी नको म्हटलं. सोलर मात्र बसवलं, छत रिकामंच होतं.

काका निवृत्त झाले. सुट्टीच्या दिवशीचं मीटर आता गेटवरचा गार्ड लिहितो, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. सुरुवातीला मी त्याला विनंती केली होती. आता त्यालाच त्याची चटक लागली आहे. आकडा पूर्वीच्या निम्म्याच्या खाली आहे. शून्य होणार नाही. सांडपाण्याच्या टाकीतल्या जिवाणूंना हवा लागते, तिथला ब्लोअर बंद केला तर सुट्टीनंतर सगळी टाकी नासते. सर्व्हर चालतो, फायर पंपाचा जॉकी, म्हणजे लाइनीत पाण्याचा दाब टिकवणारा छोटा पंप, चालतो. आम्ही प्रत्येकाची यादी करून पॅनलच्या दारावर चिकटवली आहे: हे चालू राहणार आणि का.

मागच्या सुट्टीला दुपारी त्याचा फोन आला. "मॅडम, आज आकडा पळतोय. यादीतलं सगळं बघितलं, काही वेगळं दिसत नाही." मी म्हटलं, "दहा मिनिटं शेडच्या मधोमध उभे राहा आणि ऐका." पाच मिनिटांत पुन्हा फोन. कॉम्प्रेसरच्या ड्रायरखालचा ऑटो ड्रेन, म्हणजे साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला होता आणि पाण्याऐवजी हवा सोडत होता. त्याने त्यावर रद्दी कागदाची चिठ्ठी बांधून ठेवली होती, सकाळच्या शिफ्टसाठी: "इथे गळते. मी ऐकलं."